चकाकीचा सोस

चकाकणाऱ्या वस्तूवर आपण फार लवकर भाळतो. घासलेले भांडे असो, पुसलेली फरशी असो, नाहीतर नवरदेवाचे बूट असोत, चमक दिसली की आपले समाधान होते. या सोसाने भांड्याचे वा बुटाचे काही बिघडत नाही. लाकडाचे मात्र बिघडते, आणि उंचावरच्या मुलखात तर पार वाटोळे होते. दिवाळीच्या तोंडी घरोघर रंगसफेदी चाललेली असताना हे भांडण उकरून काढायचे मी ठरवले आहे. वाचकांनी चकली मोडता मोडता ऐकून घ्यावे.

मी राहतो अमेरिकेतल्या डेन्व्हर शहरी. हे गाव समुद्रसपाटीपासून एक मैल, म्हणजे सुमारे १६०९ मीटर उंचीवर आहे. राज्याच्या विधानभवनाच्या पायरीवर तशी खूणच कोरलेली आहे. आपले कळसूबाईचे शिखर १६४६ मीटर. तेव्हा कळसूबाईच्या माथ्यालगत एक अख्खे शहर वसवावे, तसा हा प्रकार. इथे घरांच्या परसाला लाकडी कुंपण असते, आणि पुष्कळ घरांना मागच्या दारातून थेट पाऊल पडेल असा उघडा लाकडी ओटा असतो. त्याला इथे डेक म्हणतात. उन्हाळ्यात त्यावर पंगती बसतात. आम्हा मराठी मंडळींचे पापडही तिथेच वाळतात.

आता आम्ही मंडळी लाकडाचा शत्रू म्हणजे पाणी, हे बाळकडू घेऊन इथे आलो. कोकणात ते खरेच आहे. तिथला पाऊस आणि वाळवी यांच्या धाकाने वाशांना काजूच्या टरफलांचे तेल चोपडणारे आपले आजोबा शहाणे होते. पण डेन्व्हरला वर्षभराचा पाऊस आणि बर्फाचे पाणी मिळून पंधराएक इंच भरते. मग आमची मंडळी म्हणतात, “इतक्या कोरड्या हवेत लाकडाला काय धाड भरली आहे?” आणि फार तर पाणी अडवणारे एखादे स्वच्छ, बिनरंगाचे औषध फासून मोकळी होतात.

धाड भरते ती वरून, उन्हातून. उंची हजार मीटरने वाढली की उन्हातल्या अतिनील किरणांचा जोर सुमारे दहा टक्क्यांनी वाढतो. त्यात ताजे बर्फ पडले, की तेही यांतले बरेचसे किरण उलट फेकते. म्हणजे थंडीतही सुटका नाही. लाकडाचे तंतू एकमेकांना धरून ठेवणारे लिग्निन नावाचे द्रव्य असते. हे किरण त्याचाच फडशा पाडतात. तंतू सुटे होतात, फळी करडी पडते, हात फिरवला तर कुसळे टोचतात. कोरड्या हवेने फळी आक्रसते आणि तिला भेगा जातात. दुपारी वितळलेले बर्फ त्या भेगांत उतरते, रात्री पुन्हा गोठते, आणि गोठताना पाणी नऊ टक्क्यांनी फुगते. पाणी इथे आहेच, पण त्याला दार उघडून देतो तो सूर्य. बिनरंगाचे औषध पाणी अडवील, ऊन बहुधा तसेच आत सोडील. ऊन अडवायला रंगद्रव्यच लागते.

इथे चकाकीवाल्यांचा पक्ष पुढे सरसावतो. “मग द्या ना जाड व्हार्निशचे तीन हात! आरशासारखा ओटा होईल.” होतो खरा, पहिल्या उन्हाळ्यापुरता. आमच्या परिचयातल्या एका घरी कंत्राटदाराने असाच आरसा करून दिला होता. दोन हिवाळे गेले आणि ओट्याला महारोग झाल्यासारखे पोपडे सुटले. यात आश्चर्य कसले? लाकूड रोज थोडे फुगते, थोडे आक्रसते; वरचा कडक पापुद्रा तितका ताणत नाही. तो तडकला की पाणी त्याखाली शिरते आणि तिथेच कोंडून बसते. मग नवा हात देण्याआधी जुना थर खरवडणे आले. रंगाला एक दिवस लागला असेल, तर खरवडायला आठवडा लागतो.

माझे म्हणणे साधे आहे, आणि ते दिवाळीत तरी पटावे. अभ्यंगाच्या दिवशी आपण तेल अंगात जिरवतो आणि उरलेले उटण्याने काढून टाकतो. अंगावर तेलाचा थर ठेवून कोणी नवे कपडे घालीत नाही. लाकडालाही हेच हवे. रंगद्रव्य मिसळलेले, लाकडात मुरणारे पातळ तेल मिळते. इथे त्याला स्टेन म्हणतात. ते अर्धपारदर्शक घ्यावे, म्हणजे फळीच्या रेषाही दिसतात आणि ऊनही अडते. लावण्यापूर्वी फळीवर पाण्याचे चार थेंब टाकावेत. थेंब मोत्यासारखे उभे राहिले तर फळी तहानलेली नाही, ब्रश परत ठेवावा. लगेच जिरले तर कामाला लागावे. भर उन्हात लावू नये. तेल आत जाण्याआधीच वर सुकते. सावली फिरेल तसे आपण फिरावे. फळीच्या कापलेल्या टोकांना जास्त पाजावे, कारण पाणी तिथूनच अधिक ओढले जाते. आणि जे मुरले नाही ते फडक्याने पुसून घ्यावे. ती फडकी मात्र बोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत. जवसाच्या तेलासारखे तेल सुकताना तापते आणि बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. ती बाहेर मोकळी पसरून वाळवावीत.

आडव्या ओट्याला हे साधारण दोन वर्षांनी करावे लागते, उभ्या कुंपणाला तीन-चार वर्षांनी. इथल्या रात्री आश्विनातच गोठू लागतात, तेव्हा ओट्याची दिवाळी भाद्रपदात उरकावी हे बरे. धुण्यासाठी पाण्याचा जोरदार फवारा मारण्याची फॅशन आहे. तिनेही मऊ लाकडाचे तंतू उपटून निघतात. मऊ ब्रश, योग्य तो धुण्याचा सोडा आणि थोडी कंबर, एवढे पुरते.

“दर दोन वर्षांनी? एवढा वेळ कोणाला आहे?” हा खरा आक्षेप, बाकीचे सगळे त्याचे मुखवटे. म्हणूनच ‘एकदा लावा आणि विसरा’ असे सांगणाऱ्याचा माल खपतो. म्हणूनच लाकडाच्या जागी प्लॅस्टिकमिश्रित फळ्या येतात. त्या उन्हात अशा तापतात की अनवाणी नातवंडे ओट्यावर पाऊल टाकीत नाहीत.

लाकूड जळते, हा आक्षेप मात्र मी मान खाली घालून ऐकतो. ३० डिसेंबर २०२१ रोजी इथून जवळच बोल्डर परगण्यात वणवा पेटला आणि हजाराहून अधिक घरे राख झाली. वाऱ्याच्या त्या तांडवात लाकडी कुंपणांनी वातीसारखी आग घरापर्यंत नेली. तेव्हा कुंपणाचा घराला भिडणारा पाच फुटांचा भाग लोखंडाचा करावा आणि ओट्याखालचा पाचोळा काढत राहावे. पण हीसुद्धा देखभालच झाली. जो विसरायला बसला आहे त्याला आगीपासूनही संरक्षण नाही.

आमच्या कुंपणांना वापरतात तो लाल सीडार हजार वर्षे जगू शकणारा वृक्ष आहे. माणसाने तो कापला, फळ्या केल्या, परसात उभ्या केल्या. आणि दहा वर्षांत त्या फळ्या कुसळे काढून, वाकून, कचऱ्याच्या गाडीत जातात, का तर मालकाला आरसा हवा होता, किंवा त्याला वेळ नव्हता. याला मी उधळपट्टी म्हणत नाही. उधळपट्टीत निदान कोणाला तरी मजा येते. हा नुसता करंटेपणा आहे. दोन वर्षांतून एक दिवस गुडघे टेकून फळीला तेल पाजायची ज्याची तयारी नाही, त्याने खुशाल तारेचे कुंपण घालावे आणि झाड उभे राहू द्यावे.