मोंढ्यातल्या हमालाला जे मिळाले, ते डिलिव्हरीवाल्याला का नको?

जिनिव्हा शहरात दर वर्षी जून महिन्यात आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेची, म्हणजे आयएलओची, परिषद भरते. तिथे प्रत्येक देशाचे चार प्रतिनिधी मत देतात. दोन सरकारचे, एक मालकांचा आणि एक कामगारांचा. २०२५ च्या परिषदेत ठरले, की ॲपवरून मिळणाऱ्या कामासाठी एक आंतरराष्ट्रीय करार करायचा आणि सोबत एक शिफारसपत्रही जोडायचे. त्यावरची दुसरी चर्चा २०२६ च्या जूनमधील परिषदेच्या कार्यक्रमावर आहे. काम देणारे सॉफ्टवेअर माणसाला कसे वागवते, हाही त्या चर्चेचा विषय आहे.

परभणीत ही बातमी फारशी कुणी वाचली नसेल. पण तो करार आपल्याच पोरांबद्दल आहे. जिंतूर, पाथरी, सेलू, मानवत, गंगाखेड... या गावांतून नांदेड-पनवेल गाडीने पुण्यात उतरणारी किती मुले आज पाठीवर चौकोनी पिशवी घेऊन फिरतात, हे पुण्यात राहणाऱ्या परभणीकराला वेगळे सांगावे लागत नाही. बारावी झालेले, आयटीआय झालेले, आता तर इंजिनिअरिंगचे विषय राहिलेलेही. त्यांच्याविषयी जिनिव्हात भारत काय बोलणार, हे कुणी ठरवले? कुणाला विचारून ठरवले?

विचारणे ही सरकारची मेहेरबानी नाही, कबूल केलेली जबाबदारी आहे. आयएलओचा १९७६ चा करार क्रमांक १४४ नेमका याच गोष्टीसाठी आहे आणि भारताने तो १९७८ मध्ये मान्य केला. त्यात लिहिले आहे, की आयएलओच्या प्रश्नावलीला उत्तर देण्याआधी आणि नव्या कराराच्या मसुद्यावर मत कळवण्याआधी सरकारने मालक आणि कामगार यांच्या प्रातिनिधिक संघटनांशी सल्लामसलत करावी. दोन्ही बाजूंना समान दर्जा असावा. ही सल्लामसलत वर्षातून किमान एकदा व्हावी. ज्या करारांना देशाने अजून मान्यता दिलेली नाही, ते कपाटातून काढून पुन्हा तपासावेत, हेही त्यात आहे. आपल्या कपाटात असे बरेच पडले आहेत: संघटना स्वातंत्र्याचा ८७, सामूहिक वाटाघाटीचा ९८, घरबसल्या काम करणाऱ्यांचा १७७, घरकामगारांचा १८९. घरी बसून शिलाई, जरी किंवा पॅकिंगचे काम करणाऱ्या बायका ज्या मोहल्ल्यात आहेत, तिथल्या वाचकाने १७७ हा आकडा लक्षात ठेवावा.

कागदावर आपली परंपरा चांगली आहे. १९४२ च्या ऑगस्टमध्ये दिल्लीत सरकार, मालक आणि कामगार पहिल्यांदा एका टेबलाशी बसले, तेव्हा अध्यक्षस्थानी मजूर खात्याचे मंत्री म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. त्यातूनच भारतीय श्रम परिषद उभी राहिली. तिचे ४६ वे अधिवेशन जुलै २०१५ मध्ये झाले. त्यानंतरची दहा वर्षे कोरडी गेली. याच काळात चार कामगार संहिता आल्या. त्यांतल्या तीन विधेयकांवर सप्टेंबर २०२० मध्ये राज्यसभेने शिक्का मारला, तेव्हा विरोधी बाके बहिष्कारामुळे रिकामी होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चारही संहिता लागू झाल्या. सरकार म्हणते, मसुद्यांवर त्रिपक्षीय बैठका झाल्या होत्या. झाल्या असतील. पण मंत्रालयाने बोलावलेली बैठक वेगळी आणि देशभरच्या संघटनांनी उघडपणे आपले म्हणणे नोंदवायची परिषद वेगळी. दुसरीची जागा पहिलीने भरत नाही.

समजा उद्या परिषद भरली. कामगारांच्या खुर्चीवर कोण बसेल? केंद्रीय कामगार संघटनांची सदस्यसंख्या सरकार पडताळून पाहते आणि त्यावरून प्रतिनिधित्व ठरते. शेवटची पूर्ण झालेली पडताळणी ३१ डिसेंबर २००२ या तारखेची आहे. आज पुण्यात ऑर्डर पोहोचवणारा पंचवीस वर्षांचा मुलगा त्या दिवशी शाळेतही जात नव्हता. ज्या यादीत त्याचा धंदाच नाही, त्या यादीवरून त्याचा प्रतिनिधी निघणार कसा?

प्रतिनिधी कोण निवडणार, हा वाद आयएलओइतकाच जुना आहे. १९१९ मध्ये वॉशिंग्टनला पहिली परिषद झाली, तेव्हा भारतीय कामगारांच्या वतीने आपले ना. म. जोशी गेले होते. माणूस कामाचा होता, पण नेमणूक सरकारची होती. पुढच्याच वर्षी, ३१ ऑक्टोबर १९२० ला, मुंबईत आयटक स्थापन झाली. त्यामागे एक मोठे कारण हेच होते, की जिनिव्हाला जाणारा माणूस कामगारांच्या संघटनेने ठरवावा. शंभर वर्षांनी सामाजिक सुरक्षा संहितेत ॲपवर काम करणाऱ्यांचे प्रतिनिधी राष्ट्रीय मंडळावर घ्यायची तरतूद झाली, आणि त्यांना नेमण्याचा अधिकार पुन्हा केंद्र सरकारकडेच राहिला. गाडी फिरून १९१९ च्या स्टेशनवर आली म्हणायची.

मालकांच्या खुर्चीचा घोळ याहून मोठा आहे. ॲपवाल्या कंपन्या म्हणतात, आम्ही मालकच नाही, आम्ही फक्त गाठ घालून देतो. मी सॉफ्टवेअर लिहितो, म्हणून हे वाक्य मला जरा जास्तच खटकते. ऑर्डर कुणाला द्यायची, किती किलोमीटरला किती पैसे, किती वेळा नाही म्हटले की पुढच्या ऑर्डरी कमी करायच्या, कितीच्या खाली रेटिंग गेले की आयडी बंद करायचा, हे सगळे कोडमध्ये लिहिलेले असते. लिहिणारे पगारी असतात, लिहून घेणारे त्याहून मोठे पगारी. कोणतीही सिस्टिम बांधण्याआधी आम्ही वापरणाऱ्याला विचारतो, तुला काय हवे. पण या धंद्यात ‘युजर’ म्हणजे जेवण मागवणारा. गाडी चालवणाऱ्याला आमच्या भाषेत ‘सप्लाय’ म्हणतात. सप्लायला कोण विचारतो? एखादा आकडा १.२ चा १.० केला, की हजारो मुलांची त्या रात्रीची कमाई घटते, आणि जुन्या जमान्यात कारखान्याच्या फाटकावर लागायची तशी नोटीससुद्धा कुठे लागत नाही. जो दर ठरवतो आणि कामावरून काढतो, त्याला आपल्याकडे मालकच म्हणत आले आहेत.

‘मालक कोण ते ठरत नाही, मग कायदा कसा लावणार’ हा प्रश्न महाराष्ट्राला नवा नाही. परभणीच्या मोंढ्यात जाऊन बघा. हमाल सकाळी एका अडत्याची तूर उतरवतो, दुपारी दुसऱ्याचे सोयाबीन भरतो, संध्याकाळी तिसऱ्याच्या ट्रकवर असतो. त्याचा मालक कोण? अडत्या, खरेदीदार की ट्रकवाला? तिघेही दुसऱ्याकडे बोट दाखवायचे. अण्णासाहेब पाटलांच्या लढ्यानंतर १९६९ मध्ये माथाडी कायदा आला आणि त्याने या वादाला बगल देऊन सरळ मंडळ काढले. मंडळात मालकांचे आणि कामगारांचे प्रतिनिधी समसमान, सोबत सरकारचे. व्यापाऱ्याने मजुरी आणि वर लेव्ही मंडळात भरायची. मंडळ हमालाला मजुरी देणार आणि लेव्हीतून भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, बोनस, रजेचा पगार, दवाखाना सांभाळणार. हमाल कुणा एकाचा नोकर नाही, पण वाऱ्यावरही नाही. करार क्रमांक १४४ देशाच्या पातळीवर जी पद्धत मागतो, तीच ही, बाजार समितीच्या पातळीवर, आणि तो करार जन्मण्याच्या सात वर्षे आधीची.

दोष आहेत. माथाडीच्या नावाखाली खंडणी मागणाऱ्यांच्या तक्रारी खोट्या नाहीत. प्रतिनिधी नेमले गेले नाहीत, की मंडळ एकटा अधिकारी चालवतो, आणि मग त्रिपक्षीय हा शब्द पाटीपुरता उरतो. तरी मूळ कल्पना पक्की आहे. राजस्थानने २०२३ मध्ये आणि कर्नाटकाने २०२५ मध्ये ॲपवरच्या कामगारांसाठी मंडळ आणि लेव्हीचे कायदे केले. महाराष्ट्राने असा कायदा केलेला नाही. ज्याच्या घरात विहीर, तोच तहानलेला. केंद्राच्या संहितेत कंपन्यांनी उलाढालीच्या १ ते २ टक्के निधीत भरायचे ठरले आहे, पण दर आणि आयडी बंद होण्यावर टेबलाशी बसून बोलायची सोय त्यात नाही. माथाडीच्या हिशेबात पैसे इथे तर मालाचा प्रत्येक व्यवहार आधीच सर्व्हरवर नोंदलेला आहे. लेव्ही कापायला एक ओळ कोड पुरेल, हे मी धंद्यातला माणूस म्हणून सांगतो.

आपल्या समाजासाठी हा प्रश्न जास्त जवळचा का, ते सच्चर समितीने २००६ मध्येच दाखवले होते. पगारी नोकरीत आपण कमी, स्वयंरोजगारात आणि असंघटित कामात जास्त. गॅरेज, रिक्षा, हमाली, रंगकाम, आणि आता ॲप. पगारी नोकरी नाही म्हणून युनियन नाही, युनियन नाही म्हणून खुर्ची नाही. आपल्या बैठकांत शिष्यवृत्ती, आरक्षण, वक्फ यांवर तासन् तास बोलले जाते, रोजच्या कामाच्या अटींवर अर्धा तासही नाही. पण म्हणून ‘मुस्लिम डिलिव्हरी संघटना’ काढायला कुणी निघू नये. मोंढ्यातल्या टोळीत सगळ्या जातिधर्माचे खांदे एकाच पोत्याखाली असतात, म्हणून तर त्या टोळीचा शब्द चालतो. ॲप जात विचारून ऑर्डर कापत नाही, तेव्हा मराठा, बौद्ध, धनगर, मुसलमान मुलांनी एकत्रच नोंदणी करावी. संघटनेच्या नोंदणीच्या अर्जावर सात जणांच्या सह्या लागतात. पुण्यातल्या एका खोलीत परभणीची तेवढी मुले राहतात.

तोवर एक काम दहा रुपयांत होते. केंद्रीय श्रम व रोजगार मंत्रालयाकडे माहिती अधिकाराचा ऑनलाइन अर्ज करा आणि चार गोष्टी मागा. ॲपवरच्या कामाच्या प्रस्तावित करारावर आयएलओने पाठवलेल्या प्रश्नावलीला भारत सरकारने काय उत्तर दिले, त्याची प्रत. उत्तरापूर्वी कोणत्या कामगार संघटनांना विचारले, त्यांची नावे आणि पत्रांच्या तारखा. कोणत्या कंपन्यांना किंवा मालक संघटनांना विचारले, त्यांचीही नावे. आणि करार क्रमांक १४४ नुसार गेल्या पाच वर्षांत झालेल्या बैठकांची इतिवृत्ते. दुसरा अर्ज राज्याच्या कामगार विभागाकडे: ॲपवरच्या कामगारांसाठी माथाडीसारखे मंडळ करण्याचा प्रस्ताव तयार आहे का, असल्यास तो कोणत्या टेबलावर आहे. उत्तर तीस दिवसांत यायला हवे. नाही आले तर पहिले अपील करा, केंद्राकडे त्याला फी लागत नाही.