रोप द्यावे, पण आधी विचारून

मृग लागला की सातारा-सांगलीकडच्या अनेक गच्च्यांवर एकच दृश्य दिसते. हौसेने पेरलेले मिरची, वांगी, टोमॅटोचे बी गरजेपेक्षा कितीतरी जास्त उगवून येते. घरच्या कुंड्यांना आठ-दहा रोपे पुरतात. उरलेली उपटून टाकायला हात धजावत नाही. मग कोणी ती जवळच्या अंगणवाडीला नेऊन देतो, कोणी बचत गटाला, कोणी वृद्धाश्रमाला. हे करणारी माणसे बहुधा साठीच्या पुढची असतात, आणि या कामामुळे त्यांच्या सांध्यांना व मनाला जी हालचाल मिळते तिचा लाभ मी तपासणीच्या वेळी पाहतो. तरीही या दानाविषयी थोडे बोलायचे आहे, कारण त्यात एकदा मीच चुकलो.

काही वर्षांपूर्वी मार्चअखेरीस मी टोमॅटोची चाळीस रोपे एका अंगणवाडीला मोठ्या उत्साहाने दिली. आवारात नळ नव्हता. सेविकाताई घरून कळशीने पाणी आणून घालत राहिल्या, आणि उन्हाळ्यापुढे हरल्या. रोपे वाळली. त्यानंतर त्या दवाखान्यात आल्या की संकोचून बोलत, जणू अपराध त्यांचा होता. शेवटी मीच विषय काढला. त्या म्हणाल्या, “डॉक्टरसाहेब, द्यायचीच तर शेवग्याची फांदी द्या. एकदा लागली की तिला रोज पाणी लागत नाही.”

त्या मागणीत माझ्या शास्त्रापेक्षा अधिक शहाणपण होते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019-21 च्या फेरीत महाराष्ट्रातील 15 ते 49 वयाच्या स्त्रियांपैकी 54.2 टक्के आणि सहा महिने ते पाच वर्षांच्या बालकांपैकी 68.9 टक्के रक्तक्षयग्रस्त आढळली. अंगणवाडीत येणाऱ्या माता आणि मुले नेमकी हीच. त्यांच्या दारात जे लावायचे, ते या दृष्टीने निवडले पाहिजे.

शेवग्याच्या पाल्यात लोह आहे, परंतु पालेभाजीतील लोह शरीर सहजासहजी शोषून घेत नाही. सोबत ‘क’ जीवनसत्त्व असेल तर शोषण वाढते. जेवणावर लगेच चहा घेतला तर घटते. म्हणून शेवग्याबरोबर लिंबाचे एक रोप द्यावे. लिंबू फळायला काही वर्षे जातात. तोवर पावसाळ्यात टोमॅटो व मिरची ती उणीव भरून काढतात. मेथी, पालक आणि कोथिंबीर यांची रोपे मात्र देऊ नयेत. ती जागेवरच पेरायची असतात, लावणी त्यांना सोसत नाही. त्यांचे बी पुडीत बांधून द्यावे. दुकानातून आणलेले बी गुलाबी वा निळसर रंगाचे असेल तर त्याला बुरशीनाशक चोळलेले असते. असे बी मुलांच्या हाती पडू देऊ नये आणि उरलेले धने समजून डब्यात तर मुळीच जाऊ नये.

बियाण्याचा विषय निघालाच आहे, तर अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांचे स्मरण होते. 2020 च्या पद्मश्रीच्या मानकरी असलेल्या या शेतकरी स्त्रीने वालासारख्या भाज्यांचे गावरान वाण जपले, त्यांची रोपे व बी बचत गटांतील स्त्रियांपर्यंत पोहोचवले. गावरान वाणाचे बी घेणाऱ्या घराला पुढच्या वर्षी स्वतःच धरता येते; संकरित वाणाचे धरले तर पीक मूळ गुणाचे येत नाही. भेट म्हणून हा फरक मोठा आहे.

एक खुलासा डॉक्टर म्हणून करणे भाग आहे. परसबाग हा रक्तक्षयावरचा उपचार नव्हे. गरोदर स्त्रीने दुसऱ्या तिमाहीपासून 180 दिवस लोह व फॉलिक आम्लाच्या गोळ्या घ्यायच्याच आहेत. शाकाहारी कुटुंबात ब-12 ची उणीव असू शकते आणि ती कोणतीही पालेभाजी भरून काढत नाही. रोपे वाटणाऱ्यांनीही रोपांच्या ट्रेखाली पाणी साचू देऊ नये. डेंग्यूच्या डासाला तेवढे पुरते.

रोप देण्याआधी चार-पाच दिवस पाणी कमी करून त्याला हळूहळू उन्हात आणावे आणि लावणी संध्याकाळी करावी. मुख्य म्हणजे पाणी कोण घालणार आणि सुट्टीत कोण, हे त्यांनाच विचारावे. नको असेल तर तसे सांगायलाही त्यांना मोकळीक असावी.

त्या अंगणवाडीतील शेवगा आता कौलांच्या वर गेला आहे. यंदा छाटणी झाली तेव्हा सेविकाताईंनी मनगटाएवढ्या जाडीच्या, तीन-चार फुटी फांद्या आयांना वाटल्या आणि दोन मलाही पाठवल्या. एक मी सांगलीला बहिणीकडे दिली आहे. तिचे घर कृष्णाकाठी सखल भागात आहे, 2019 आणि 2021 या दोन्ही महापुरांत तिथे पाणी आले होते. शेवग्याच्या मुळाशी पाणी साचलेले चालत नाही, तेव्हा आधी मातीचा उंचवटा करून घे, असे तिला कळवले आहे.