बांध म्हातारा होत नाही, बेवारस होतो
सोलापूरजवळच्या एकरुख तलावाचा मातीचा बांध १८७१ साली पुरा झाला. दीड शतकानंतरही तो उभा आहे. त्याहून कितीतरी अलीकडचे, चिपळूण तालुक्यातील तिवऱ्याचे मातीचे धरण मात्र २ जुलै २०१९ च्या रात्री फुटले व माणसे वाहून गेली. गळतीची तक्रार ग्रामस्थांनी आधीच केली होती. म्हणजे घात वयाने नव्हे, हेळसांडीने होतो. झिरपणारे पाणी, झाडांची मुळे, उंदीर-घुशींची बिळे मातीचा बांध आतून पोखरतात. नित्य देखभाल हाच त्यावर उपाय. परंतु नव्या कोनशिलेला पैसा मिळतो, जुन्या बांधाच्या डागडुजीला नाही. हा खर्च अनुत्पादक मानणारे अर्थकारण धरणाखालच्या गरिबांच्या प्राणांची किंमत शून्य धरते. धरण सुरक्षा कायदा २०२१ साली झाला. आता प्रत्येक बांधाचा तपासणी-अहवाल व दुरुस्तीची तरतूद ग्रामसभेपुढे मांडली जावी, यासाठी कार्यकर्त्यांनी आग्रह धरला पाहिजे.