पब्लिक म्हणजे नेमकं कोण?

इंग्लंडमध्ये शिकायला गेलेला माझा एक मित्र तिथल्या कोपऱ्यावरच्या पबचं कौतुक लिहून पाठवत असतो. एल नावाची बिअर चांगली, मासे-बटाट्याची प्लेट गरम, आणि काउंटरवरचा माणूस त्याला नावाने ओळखतो. आडनाव कुणी विचारत नाही, म्हणून त्याला ती जागा आवडते. त्याने मला विचारलं, तुझ्या मैलापूरमध्ये असं काही आहे का?

नाही. पण का नाही, हे सांगण्यासारखं आहे.

पब म्हणजे पब्लिक हाउस, सार्वजनिक घर. 'सार्वजनिक' या शब्दासाठी आपल्या माणसांनी किती वर्षं झिजवली ते आठवा. बोलेंचा ठराव १९२३ चा. त्याने सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले केले. चवदार तळ्याचं पाणी बाबासाहेबांनी २० मार्च १९२७ ला प्यायलं. त्यावर सवर्ण कोर्टात गेले. आम्ही वरचढ आहोत असं त्यांनी तिथे म्हटलं नाही, तळं खासगी आहे असं म्हटलं. ते खासगी नाही हे मुंबई हायकोर्टाने म्हणायला १९३७ उजाडलं. भारतात जागा 'पब्लिक' आहे हे ठरवायलाच दहा वर्षं लागतात, आरामात टेकून बसणं तर फार पुढची गोष्ट.

मैलापूर म्हणजे कपालीश्वराचं देऊळ, त्याभोवतीच्या माडा वीथी आणि तिथल्या मेस. पोंगल, इडली, डबरा-टंबलरमधली फिल्टर कॉफी. खाणं उत्तम आहे, उगाच नावं ठेवणार नाही. मी आठवड्यातून तीनदा तरी जाते. पण तिथे खायचं आणि उठायचं. मागचा माणूस तुमच्या पानाकडे बघत उभा असतो.

इथे एक गंमत आहे. तमिळनाडूत आडनावं जवळजवळ नाहीत. १९२९ च्या चेंगलपट्टूच्या स्वाभिमान परिषदेने जातीची बिरुदं टाकून द्या असं सांगितलं, आणि लोकांनी ती खरंच टाकली. त्यामुळे माझं मराठी आडनाव ऐकून इथे कुणाला काही उमगत नाही. मी खूश होते. मग खोली शोधायला लागले तेव्हा कळलं की आडनावाचं काम जेवणाने उचललंय. भाडं किती हे सांगण्याआधी घरमालक विचारतात, 'व्हेज ना?' एका घरी मी नाही म्हटलं, तर खोली त्याच क्षणी 'आधीच गेलेली' निघाली.

पूर्वी एवढंही आडून विचारायची गरज नव्हती. हॉटेलांच्या पाटीवर सरळ 'ब्राह्मण' लिहिलेलं असे. शेजारच्या ट्रिप्लिकेनमध्ये मुरली कॅफेच्या अशाच पाटीविरुद्ध पेरियारांनी १९५७ मध्ये आंदोलन केलं. ते कित्येक महिने चाललं, शेकडो लोक अटकेत गेले, तेव्हा कुठे तो शब्द उतरला. लक्षात घ्या, संविधान लागू होऊन तेव्हा सात वर्षं झाली होती. कलम १५(२) ने दुकानं आणि हॉटेलं सर्वांना खुली केली होती. संविधान सभेत २९ नोव्हेंबर १९४८ ला बाबासाहेबांनी खुलासाही केला होता की 'दुकान' हा शब्द व्यापक अर्थाने वापरलाय, नुसत्या आत शिरण्यापुरता नाही, मोबदला देणाऱ्याला सेवा मिळण्यासाठीही.

आता दारूकडे येऊ. राधाकृष्णन सालईवरच्या मोठ्या हॉटेलांत बार आहेत. माझ्या फेलोशिपच्या हिशेबात तिथला एक ग्लास म्हणजे मेसचं दोन दिवसांचं जेवण. दुसऱ्या टोकाला टासमॅक, म्हणजे सरकारी कंपनीची दुकानं. २००३ पासून किरकोळ दारूविक्री तिच्याच हातात आहे. जाळीआडून बाटली मिळते, आणि शेजारच्या बारमध्ये बाई बसलेली मी तरी पाहिली नाही. या दोन्हींच्या मधे काही नाही. पैसेवाल्याचं पिणं 'कल्चर' आणि मजुराचं पिणं 'समस्या', अशी वाटणी शहराने करून ठेवलीय.

पण पब हवा असं आपण तोंड भरून म्हणू शकतो का? आपल्यापैकी अनेकींनी दारू पहिल्यांदा पाहिली ती घरात, पगाराच्या दिवशी, आईच्या चेहऱ्यावर. जोतीरावांनी १८८० मध्ये पुण्याच्या दारूच्या दुकानांविरुद्ध नगरपालिकेत आवाज उठवला, तो काही सोवळेपणातून नव्हे. माझ्या मित्राच्या पत्रात मला हेवा वाटतो तो बिअरचा नाहीच. संध्याकाळी दोन तास, कुणाला काही सिद्ध न करता बसण्याचा वाटतो. पहिल्या पिढीच्या पदवीधराला ते जमत नाही. आपण कट्ट्यावरही कामाचं निमित्त घेऊन बसतो.

मैत्रीपूर्ण जागा म्हणजे काय, हे मला लीड्स-लंडनपेक्षा कोल्हापूर जास्त नीट सांगतं. गंगाराम कांबळे राजवाड्याच्या पागेत नोकरीला होते. मराठ्यांच्या हौदाला हात लावला म्हणून त्यांना मारहाण झाली. शाहू महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली आणि गंगारामांना हॉटेल काढायला पैसे दिले. हॉटेल निघालं, पण गिऱ्हाईक येईना. मग महाराज आपली गाडी तिथे थांबवून सर्वांसमोर चहा मागवायचे, सोबतच्या मंडळींनाही पाजायचे. नाही कसं म्हणणार?

विद्यापीठांतल्या 'सर्वसमावेशक' गप्पांत मला हेच उलटं दिसतं. सवर्ण सहकारी आपल्याला त्यांच्या बारमध्ये बोलावतात, बिल वाटून घेऊ म्हणतात, आणि आपण न आलो तर आपण 'मिसळत नाही'. माझं म्हणणं असं, की ज्याच्याकडे मान आहे त्याने उठून जायचं असतं. महाराजांनी गंगारामांना राजवाड्यावर चहाला बोलावून भागवलं नाही.

मैलापुरात उठून जायला जागा आहे. देवळापासून चालत अर्ध्या-पाऊण तासावर, समुद्रालगत नोचिकुप्पमची कोळीवस्ती. तिथे लूप रोडच्या कडेला बायका मासळी विकायच्या. २०२३ च्या एप्रिलमध्ये हायकोर्टाने वाहतुकीचा मुद्दा स्वतःहून हाती घेतला आणि महापालिकेने स्टॉल हटवले. पब्लिक रस्ता म्हणजे गाड्यांचा, वस्तीचा नव्हे. कोळी रस्त्यावर बसले. पुढच्या वर्षी तिथे नवा मासळी बाजार उभा राहिला.

संध्याकाळी तळलेले मासे अजूनही मिळतात. प्लास्टिकची खुर्ची, कागदावर बांगडा, समोर समुद्र, कुणी उठवत नाही. आमच्या विभागातल्या सगळ्यांना पुढच्या शनिवारचं बोलावणं दिलंय. दोघांनी आधीच विचारलंय, तिथे व्हेज काही मिळतं का.