खोकला आला की कपडे ओले?

"लग्नाला येत नाही, एवढा प्रवास झेपत नाही," असे म्हणणाऱ्या खाला, फूफी आपल्या प्रत्येक खानदानात असतात. आपण समजतो, गुडघे दुखत असतील. पण कित्येकींचे खरे कारण वेगळेच असते. शिंक आली, हसू आले, पाण्याची कळशी उचलली की लघवीचे थेंब सुटतात. वुजू राहिला की तुटला, ही धास्ती सज्द्यातही सुटत नाही. मग पाणी पिणे कमी होते, बाहेर जाणे बंद होते, आणि सांगायची लाज वाटते.

मूत्राशय, गर्भाशय आणि गुदाशय यांना खालून झोळीसारखा आधार देणारे स्नायू असतात. बाळंतपण, पाळी जाणे, जुना खोकला, बद्धकोष्ठता, वाढलेले वजन यांमुळे ते सैल पडतात. व्यायामाने ते पुन्हा बळकट होऊ शकतात. अमेरिकेचे डॉ. आर्नल्ड केगल यांनी १९४८ मध्ये अशा व्यायामाबद्दल लिहिले. आज डॉक्टर या तक्रारीवर बहुधा आधी तोच सुचवतात.

कसा करायचा? आधी लघवी करून या. आडवे पडा किंवा बसा. पोटातला वायू आणि लघवी एकदम रोखायची आहे, असे समजून आतल्या आत वर ओढून आवळा. पाचपर्यंत मोजा, तेवढाच वेळ पूर्ण सैल सोडा. असे दहा वेळा, दिवसातून तीनदा. जमेल तसे दहापर्यंत मोजा. पोट, मांड्या, नितंब आवळू नका. श्वास चालू ठेवा. लघवी करताना मध्येच धार रोखून सराव करू नका.

सवय झाली की कुठेही करता येतो. आम्ही शिक्षिका वह्या तपासता तपासता करतो, शेजारणीला पत्ताही लागत नाही. शिंक, खोकला येतोय असे वाटताच आधी आवळून घ्या. रोज केला तरी फरक दिसायला साधारण तीन महिने लागतात, म्हणून आठवड्यात सोडू नका. पाणी मात्र तोडू नका. चहा कमी करा.

लघवीत रक्त, जळजळ, अंग बाहेर येणे किंवा लघवी अडणे असे काही असेल, तर थेट डॉक्टरांकडे जा. गळती थांबतच नसेल, तर शरीअतमध्ये माजूर व्यक्तीसाठी सवलत आहे. ती आलिमांकडून समजून घ्या, नमाज सोडू नका.

बहिणींनो, हे पान वाचून झाले की अम्मीच्या, सासूबाईंच्या हाती द्या. त्या आपणहून विचारणार नाहीत.