आधी शोधा, मग बदला

टाकीत पेट्रोल गळ्यापर्यंत भरलेले आहे आणि गाडीतला पेट्रोलचा काटा मात्र शून्याला चिकटून बसला आहे. जुनी मोटार बाळगणाऱ्यांना हा अनुभव नवा नाही. गाडी गॅरेजमध्ये नेली की पुष्कळदा पुढचा कार्यक्रम ठरलेला असतो. प्रथम डॅशबोर्डवरचा काटा बदलतात. नवा काटाही शून्यावरच राहतो. मग टाकीतला फ्लोट बदलतात. तरी फरक पडत नाही. शेवटी कोणाच्या तरी लक्षात येते की, टाकीजवळची एक तार गंजून तुटली आहे. तार जोडायला पाच मिनिटे लागतात. पण तोवर दोन चांगले भाग भंगारात गेलेले असतात आणि गाडीच्या मालकाचा खिसा हलका झालेला असतो.

या पद्धतीला ‘बदलून बघू’ पद्धत म्हणता येईल. तिच्यासाठी एकट्या मेकॅनिकला दोष देणे मला योग्य वाटत नाही. त्या सवयीचे मूळ आपल्या शाळेच्या प्रयोगशाळेतही आहे. तेथे आपण विद्यार्थ्यांच्या हाती चालू उपकरणे देतो आणि पुस्तकात छापलेले उत्तर पुन्हा काढून घेतो. उपकरण बिघडले की ते कपाटात जाते आणि तास पुढे चालू राहतो. वास्तविक विज्ञानाचा खरा तास तेथेच सुरू व्हायला हवा. दोष शोधणे हे शाळेत शिकवले पाहिजे आणि त्याला प्रात्यक्षिक परीक्षेत गुण असले पाहिजेत, असे माझे मत आहे. ते पटवून देण्यासाठी पेट्रोलचा काटा हे उदाहरण फार सोयीचे आहे; कारण त्यात माध्यमिक शाळेतल्या विज्ञानापलीकडचे काहीही नाही.

१९६० ते १९८० या काळातील अनेक ब्रिटिश गाड्यांत असणारी रचना पाहू. टाकीत एका दांड्याच्या टोकाला पोकळ फ्लोट असतो. पेट्रोलची पातळी चढली की तो वर जातो, उतरली की खाली येतो. दांड्याचे दुसरे टोक रोधाच्या तारेवरून सरकते. म्हणजे हा आपल्या प्रयोगशाळेतला रिओस्टॅटच होय. टाकी भरलेली असताना रोध कमी आणि रिकामी असताना जास्त, अशी या गाड्यांत योजना असते. डॅशबोर्डवरच्या काट्यामागे एक द्विधातुपट्टी असते आणि तिच्याभोवती तापणारी बारीक तार गुंडाळलेली असते. प्रवाह जितका जास्त, तितकी पट्टी तापून वाकते आणि काटा वर सरकतो. पट्टीला तापायला व निवायला वेळ लागतो. म्हणून खड्ड्यांतून जाताना पेट्रोल हिंदकळले तरी काटा नाचत नाही.

यात आणखी एक भाग असतो. बॅटरीचा विद्युत् दाब स्थिर नसतो. इंजिन बंद असताना तो सुमारे १२ व्होल्ट, तर चालू असताना १४ व्होल्टच्या आसपास असतो. तेवढ्याने काटा वरखाली होऊ नये म्हणून दाब सरासरी १० व्होल्टवर ठेवणारा एक स्थिरकारी मध्ये बसवतात. असे हे मंडल बॅटरीपासून निघते आणि फ्यूज, स्विच, स्थिरकारी, काटा, लांब तार व फ्लोटचा रोध असा प्रवास करून गाडीच्या धातूच्या सांगाड्यात, म्हणजे ‘अर्थ’मध्ये, पोहोचते. सांगाड्यातून प्रवाह बॅटरीकडे परत येतो. एकंदर आठ कड्यांची ही साखळी आहे.

आता थोडे गणित करू. समजा, काट्यामागच्या तारेचा रोध ६० ओहम आहे. टाकी भरलेली असताना फ्लोटचा रोध २० ओहम आणि रिकामी असताना २४० ओहम आहे. ओहमच्या नियमाने भरलेल्या टाकीला प्रवाह १० ÷ ८० = ०.१२५ अँपिअर, तर रिकाम्या टाकीला १० ÷ ३०० = सुमारे ०.०३३ अँपिअर येईल. आता टाकीजवळचा अर्थचा जोड गंजला आणि तेथे ४० ओहमचा जादा रोध आला असे धरा. भरलेल्या टाकीलाही प्रवाह १० ÷ १२० = सुमारे ०.०८३ अँपिअरच मिळेल. टाकी भरलेली असूनही काटा मध्येच थांबेल. काटा चांगला, फ्लोट चांगला, तरी वाचन चूक! यातला कोणताही भाग बदलून हा दोष जाणार नाही. तो कागदावर मात्र दिसतो.

मग दोष शोधायचा कसा? साखळीची एकेक कडी तपासत बसण्याऐवजी ती मधोमध तोडून प्रश्न विचारावा. फ्लोटकडे जाणारी तार सोडवली की मंडल तुटते. काटा शून्यावर आला पाहिजे. तीच तार क्षणभर सांगाड्याला टेकवली की फ्लोटचा रोध वगळला जातो. काटा हळूहळू वर चढू लागला पाहिजे. आपल्या गणितात या वेळी १० ÷ ६० = ०.१६७ अँपिअर, म्हणजे भरलेल्या टाकीपेक्षाही अधिक प्रवाह वाहील. म्हणून काटा चढू लागताच तार दूर करावी लागते, नाही तर आतली बारीक तार जळायची.

काटा चढला तर बॅटरीपासून त्या तारेपर्यंतचे सर्व काही ठीक आहे. दोष फ्लोटमध्ये किंवा त्याच्या अर्थमध्ये आहे. काटा चढला नाही तर फ्लोटकडे पाहण्याचे तूर्त कारण नाही. तीच चाचणी काट्याच्या पाठीमागच्या टोकाशी करायची. तेथे चढला तर मधली लांब तार तुटलेली आहे. तेथेही चढला नाही तर काट्यापर्यंत वीज येते का, हे मीटरने पाहायचे. आठांतून चार, चारांतून दोन, दोनांतून एक, असा हा शोध आहे. प्रत्येक चाचणीने निम्म्या कड्या निर्दोष ठरत गेल्या, तर तीन चाचण्यांत दोषी कडी सापडते.

एक सूचना येथेच करतो. मित्रांनो, हा प्रयोग तुम्ही गाडीवर करू नका. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत साचते आणि लहानशा ठिणगीनेही पेट घेते. टाकीजवळचे काम जाणकार मेकॅनिकनेच करायचे आहे. तुमच्यासाठी टेबलावरची योजना पुढे दिली आहे.

लक्षणे नीट पाहिली तर पुष्कळदा हत्यार हाती घेण्यापूर्वीच उत्तर जवळ येते. समजा, पेट्रोलचा काटा आणि इंजिनच्या तापमानाचा काटा हे दोन्ही एकाच वेळी जास्त दाखवू लागले. दोन स्वतंत्र उपकरणे एकाच दिवशी, एकाच दिशेने बिघडतील हे संभवत नाही. तेव्हा दोघांत सामाईक काय आहे ते पाहावे. स्थिरकारी सामाईक आहे! त्याचा अर्थचा जोड सुटला की त्यातून बॅटरीचा पूर्ण दाब जाऊ लागतो आणि दोन्ही काटे वर चढतात. एकाच विहिरीचे पाणी पिणारी दोन घरे आजारी पडली तर डॉक्टर आधी विहीर तपासतात, त्यातलाच हा विचार.

परंतु हे नियम पाठ करून चालत नाही. अमेरिकेतील जनरल मोटर्सच्या जुन्या गाड्यांत योजना नेमकी उलटी असे. रिकाम्या टाकीला रोध शून्य आणि भरलेल्या टाकीला ९० ओहम. तेथे तार तुटली, म्हणजे रोध अनंत झाला, की काटा ‘भरलेली’ या खुणेच्याही पलीकडे जातो. दोष तोच, लक्षण उलटे! म्हणून एका गाडीवर शिकलेला तोडगा दुसऱ्या गाडीवर तसाच लावणारा माणूस फसतो; आतली रचना समजून घेणारा फसत नाही. या दोहोंपैकी कोणती योजना अधिक चांगली, याचाही विचार करा. बिघाड झाल्यावर ‘टाकी रिकामी’ म्हणणारा काटा आपल्याला पेट्रोलपंपावर पाठवतो. ‘टाकी भरलेली’ म्हणणारा काटा आडरानात थांबवतो.

मोटार थांबली तर ढकलता तरी येते. विमानाचे तसे नसते. २३ जुलै १९८३ रोजी एअर कॅनडाच्या बोइंग ७६७ विमानाचे इंधन हवेत, सुमारे ४१,००० फुटांवर असताना संपले. या विमानातील इंधनदर्शक यंत्रणेत आधीपासून दोष होता. तिच्या दोन शाखांपैकी दोषी शाखेचा विद्युत्पुरवठा बंद ठेवला की दर्शक चालतात, हे एका तंत्रज्ञाने शोधले होते. पुढे दुसऱ्या तंत्रज्ञाने तपासणीसाठी तो पुरवठा पुन्हा जोडला, मध्येच त्याचे लक्ष दुसरीकडे गेले आणि पुरवठा तसाच राहिला. दर्शक बंद पडले. मग टाक्यांतील इंधन मोजपट्टीने मोजण्यात आले. तो उपाय योग्यच होता. पण लिटरचे वजनात रूपांतर करताना किलोग्रॅमऐवजी पौंडाचा गुणक वापरला गेला आणि विमान निम्म्याहून कमी इंधनावर निघाले. वैमानिकांच्या कौशल्यामुळे ते तरंगत गिम्ली येथील जुन्या धावपट्टीवर उतरले आणि ६९ जणांचे प्राण वाचले. अर्धवट सोडलेली तपासणी आणि न पडताळलेले एकक या दोन गोष्टींचा हा परिणाम होता.

यावर काही आक्षेप येतील. पहिला असा की, आता गाड्यांत संगणक आहेत, ते दोषाचा क्रमांक स्वतःच दाखवतात. मग ही कटकट कशाला? याचे उत्तर त्या क्रमांकातच आहे. ‘पी ०४६३’ हा क्रमांक इतकेच सांगतो की, इंधनपातळीच्या मंडलातून अपेक्षेपेक्षा मोठा संकेत येत आहे. तार तुटली, जोड गंजला की फ्लोटचा रोध बिघडला, हे तो सांगत नाही. क्रमांक वाचून थेट फ्लोट बदलणे म्हणजे जुनीच ‘बदलून बघू’ पद्धत नव्या यंत्रासह चालवणे होय.

दुसरा आक्षेप शिक्षकांचा असेल आणि तो अधिक खरा आहे. अभ्यासक्रम पुरा करायलाच वेळ पुरत नाही, तेथे हा नवा भार कोठे घ्यायचा? मान्य आहे. पण यासाठी नवा प्रयोग नको आहे. ओहमच्या नियमाचा प्रयोग आपण करतोच. दोन कोरडे घट, एक स्विच, एक मिलीअँमीटर, जादा प्रवाह रोखण्यासाठी एक कायमचा रोध, एक रिओस्टॅट आणि चार तारा एवढेच साहित्य पुरे. रिओस्टॅट म्हणजे फ्लोट आणि मिलीअँमीटर म्हणजे पेट्रोलचा काटा. मंडल चालते हे सर्वांना दाखवावे. मग शिक्षकांनी मुलांच्या नकळत त्यात एक दोष घालावा. आवरण शाबूत पण आतले तांबे तुटलेले, अशी एक तार लावावी. किंवा एका जोडावर नखांना लावायच्या पॉलिशचा थर देऊन तो वाळू द्यावा. किंवा रिओस्टॅटच्या सरकत्या पट्टीखाली कागदाचा कपटा सरकवावा. किंवा एक संपलेला घट बसवावा.

विद्यार्थ्यांनी चार रकाने आखावेत : लक्षण, शक्य कारणे, चाचणी, निष्कर्ष. अट एकच. कोणतीही चाचणी करण्यापूर्वी ‘हे कारण असेल तर काय दिसेल आणि नसेल तर काय दिसेल’ हे आधी लिहायचे. ज्या चाचणीचे उत्तर दोन्ही बाजूंनी सारखेच येईल, ती करण्यात अर्थ नाही. गुण या लिखाणाला द्यावेत. दोष नशिबाने चटकन सापडला त्याला कमी, आणि विचाराने निम्म्या शक्यता खोडून दाखवल्या त्याला अधिक.

ज्या मुलाला पुस्तकी प्रयोगात रस वाटत नाही, तो या तासाला पुढे सरसावण्याची शक्यता मोठी आहे. शिवाय उद्या तो मेकॅनिक होवो, डॉक्टर होवो किंवा घरचा पाण्याचा पंप बंद पडलेला शेतकरी होवो, हीच रीत त्याला उपयोगी पडेल. शिक्षकांनी एका तुकडीपुरता, एकच तास हा प्रयोग करून पाहावा, एवढीच विनंती आहे. कपाटातली बिघडलेली उपकरणे त्या दिवशी बाहेर काढावीत.

आणि विद्यार्थी मित्रांनो, एक कोडे तुमच्यासाठी. वर सांगितलेल्या ब्रिटिश रचनेची एक गाडी आहे. दिवसा तिचा पेट्रोलचा काटा बरोबर वागतो. रात्री मागचे दिवे लावले की काटा थोडा खाली सरकतो आणि दिवे मालवले की पुन्हा वर येतो. टाकीतले पेट्रोल तेवढेच आहे. मागचे दिवे आणि फ्लोट यांच्यात सामाईक काय असू शकेल? काहीही बदलण्यापूर्वी मंडल कागदावर काढा, आणि उत्तर शोधा.