काट्याची उलटतपासणी

मुंबई उच्च न्यायालयाच्या इमारतीत दगडात कोरलेलं एक माकड आहे. त्याच्या एका डोळ्यावर पट्टी बांधली आहे आणि हातात न्यायाचा तराजू आहे. त्याच इमारतीत वकिलाचे बँड गळ्यात बांधलेला एक कोल्हाही आहे. इमारत 1878 साली पूर्ण झाली. बांधकामावरच्या एका पारशी ठेकेदाराचा इंग्रज कंत्राटदाराशी वाद झाला, तो खटला हरला आणि त्यानं आपला राग दगडात कोरून ठेवला, अशी आख्यायिका वकील मंडळी पिढ्यानपिढ्या सांगत आली आहेत. आख्यायिका खरी असो वा नसो, ही शिल्पं आजही जागेवर आहेत. न्यायाधीशांची आणि वकिलांची थट्टा न्यायालयानं आपल्याच खांबांवर सांभाळली, याचा मला वकील म्हणून अभिमान वाटतो.

त्या माकडाला मराठी घरातलं प्रत्येक मूल ओळखतं. दोन मांजरांचं लोण्यावरून भांडण लागतं, माकड तराजू घेऊन न्याय करायला बसतं, जड पारड्यातलं खात जातं आणि शेवटी दोन्ही पारडी रिकामी करतं. लोणी संपेपर्यंत एकाही मांजराला तो तराजू तपासावा असं वाटत नाही, हा या गोष्टीतला सर्वांत महत्त्वाचा धडा आहे.

मी सांगलीत वकिली करते. वकिलांवरचे विनोद मी आवडीनं ऐकते. ‘दारू पिणं सोडलंत का? हो किंवा नाही, एवढंच सांगा,’ हा विनोद तर कोर्टाची पायरी न चढलेल्यांनाही पाठ असतो. प्रश्नाच्या सापळ्यात माणूस कसा अडकतो, हे त्यातून चटकन कळतं. पण एका प्रकारच्या विनोदाला माझा मनापासून आक्षेप आहे. वकील क्षुल्लक प्रश्न विचारून वेळ खातात, काटा कुठे ठेवला होता, त्यावर शिक्का कुठल्या वर्षाचा होता, असले प्रश्न म्हणजे शब्दांचा कीस, असं म्हणून लोक हसतात. हे क्षुल्लक प्रश्नच सामान्य माणसाचं रक्षण करतात.

एक उदाहरण गांजाच्या खटल्याचं. अमली पदार्थविरोधी कायद्यात 1 किलोपर्यंतचा गांजा ‘अल्प’ प्रमाणात मोडतो, तर 20 किलोच्या वर गेला की तो ‘व्यावसायिक’ ठरतो. व्यावसायिक प्रमाणाला किमान 10 आणि कमाल 20 वर्षांची सक्तमजुरी आहे, आणि जामीन मिळणं अतिशय कठीण होतं. या दोहोंच्या मधल्या प्रमाणाला 10 वर्षांपर्यंतची शिक्षा आहे, पण किमान मर्यादा नाही. कायद्याच्या व्याख्येत गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे किंवा फळधारणेचे शेंडे. सुटी पानं आणि बिया त्यात धरत नाहीत. आता पंचनाम्यात ‘21 किलो’ लिहिलं असेल, तर वकिलानं विचारायलाच हवं : पोत्यासकट तोललं की पोतं वजा करून? शेंडे वेगळे केले होते का? काटा कोणाचा होता, कुठून आणला, त्याची पडताळणी कधी झाली होती? या प्रश्नांना प्रेक्षागृहात हशा मिळतो. आरोपीच्या पिंजऱ्यात उभ्या असलेल्या माणसाची मात्र त्या उत्तरांवर दहा वर्षं टांगलेली असतात.

दुसरं उदाहरण घरगुती आहे. माझ्या एका अशिलानं वजन कमी करून देणाऱ्या एका केंद्रात पैसे भरले होते. ठरलेलं वजन उतरलं नाही तर पैसे परत, असं कागदावर होतं. मुदत संपल्यावर केंद्रानं आपल्याच काट्यावर तिचं वजन केलं आणि उतरल्याचं जाहीर केलं. घरात आणि दवाखान्यात मात्र आकडा जवळपास पहिलाच येत होता. ग्राहक आयोगापुढे आम्ही लेखी प्रश्नावली दिली. पहिलं वजन जेवणानंतर घेतलं की उपाशीपोटी? पायात बूट होते का? काटा फरशीवर होता की रबरी मॅटवर? त्यावर पडताळणीचा शिक्का आहे का? समोरच्या बाजूला सुरुवातीला हसू आलं. उत्तरं द्यायची वेळ आली, तेव्हा त्यांनी पैसे परत केले.

या प्रश्नांमागे साधं विज्ञान आहे. बाथरूममधल्या इलेक्ट्रॉनिक काट्याच्या चारही पायांत भार मोजणारे संवेदक असतात. अंगाचा भार त्या पायांतून सरळ टणक जमिनीवर उतरला तरच आकडा बरोबर येतो. खाली सतरंजी किंवा मॅट असली, फरशी उंचसखल असली की आकडा बदलतो. पडद्यावर शंभर ग्रॅमपर्यंतचा आकडा दिसतो म्हणून काटा शंभर ग्रॅमपर्यंत अचूक असतो, असं अजिबात नाही. शिवाय एक लिटर पाणी प्यायलं की अंगाचं वजन एक किलोनं वाढतं. सकाळ-संध्याकाळचा एवढा फरक चरबीचा नसतोच.

वजन करून घ्यायची आपली रीतही मुळात भाबडी आहे. रेल्वे फलाटावरच्या लुकलुकत्या दिव्यांच्या यंत्रात नाणं टाकायचं, तिकिटावर एका बाजूला वजन आणि दुसऱ्या बाजूला भविष्य छापून यायचं. भविष्यावर लोक हसायचे आणि वजनावर विश्वास ठेवायचे. दोन्ही आकडे-अक्षरं एकाच यंत्रातून आली आहेत, हे कोणी मनात आणत नसे.

याबाबत कायदा आपल्या बाजूनं आहे. वैध मापन शास्त्र कायदा 2009 हा केवळ खरेदी-विक्रीच्या काट्यांपुरता नाही. माणसाच्या किंवा जनावराच्या जिवाच्या काळजीसाठी एखादं पाऊल उचलायचं की नाही, हे ज्या मापावरून ठरतं, तेही त्याच्या कक्षेत येतं. असे इलेक्ट्रॉनिक काटे दर 12 महिन्यांनी पडताळून, शिक्का मारून घ्यावे लागतात. तान्ह्या बाळाच्या औषधाचा डोस किलोवर ठरतो, म्हणून दवाखान्यातल्या काट्याचा शिक्का बघणं हा चोंबडेपणा नाही, आईबापांचं कर्तव्य आहे.

सांगली-कोल्हापूरच्या ऊस उत्पादकांना हे वेगळं सांगायला नको. दर हंगामात काटामारीच्या तक्रारी होतात, भरारी पथकं नेमली जातात. खाजगी काट्यावर वजन करून आणलेला ऊस कारखान्यानं नाकारू नये, ही मागणी किती वर्षं चालली आहे! ट्रॉलीमागे थोडं जरी वजन मारलं गेलं, तरी वर्षभराच्या घामाचा हिशेब बिघडतो. तिथं काट्याला प्रश्न विचारणाऱ्या शेतकऱ्याला ‘वकिली करू नको’ असं दरडावलं जातं. त्यानं वकिली करावी, असं माझं ठाम मत आहे.

प्रश्न विचारण्याचीही मर्यादा असते, हे मी नाकारत नाही. अत्र्यांच्या 1962 सालच्या ‘तो मी नव्हेच’ या नाटकातला लखोबा लोखंडे स्वतःच स्वतःचा बचाव चालवतो आणि ज्या बायकांना त्यानं फसवलं, त्यांचीच उलटतपासणी घेतो. प्रेक्षक हसतात आणि हसता हसता अस्वस्थ होतात. साक्षीदाराला अपमानित करणारे, निव्वळ त्रास देण्यासाठी विचारलेले प्रश्न थांबवण्याचं बंधन कायद्यानं न्यायाधीशांवर घातलं आहे, आणि ते काटेकोरपणे पाळलं गेलं पाहिजे. माणसाला चिरडणारा प्रश्न हा दुर्जन वकिलीचा नमुना. काट्याला, कागदाला, पंचनाम्याला विचारलेला प्रश्न ही वकिलीची खरी सेवा. विनोद करणाऱ्यांनी पहिल्यावर जरूर कोरडे ओढावेत आणि दुसऱ्याला सोडून द्यावं.

2024 साली सर्वोच्च न्यायालयात न्यायदेवतेची नवी मूर्ती बसली. डोळ्यांवरची पट्टी गेली, तलवारीच्या जागी संविधान आलं. तराजू मात्र तसाच राहिला. उघड्या डोळ्यांच्या न्यायदेवतेनं तो तराजू बघावा, आणि आपणही बघावा.

वाचकांना माझी विनंती एवढीच आहे. गॅसचं सिलिंडर आलं की ते तोलून मागा. रिकाम्या टाकीचं वजन तिच्यावर लिहिलेलं असतं, त्यात 14.2 किलो मिळवा. दुकानातल्या, दवाखान्यातल्या, कारखान्यातल्या काट्यावर मुदतीतला शिक्का आहे का, ते विचारा. नसेल तर जिल्ह्याच्या वैध मापन शास्त्र कार्यालयात लेखी तक्रार द्या. कोणी हसलं तर हसू द्या. तो प्रश्न विचारण्याचा हक्क तुमचा आहे, आणि त्यासाठी काळा कोट लागत नाही.